नमस्कार, आई

घोडक्यांच्या घरात आरोग्यासनावरून पहिलं भांडण झालं ते त्याच्या नावावरूनच.

"संडासाला आसन म्हणतोस?" मालनबाई लेकाला म्हणाल्या. "उद्या पूजा घालशील त्याची, अन् परवा मला तीर्थ घे म्हणशील."

त्यांच्या सुनेला, रेवतीला, हसू आवरेना. सुजित मात्र हसला नाही. त्याचे वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेले होते. दुखणं अंगावर काढत काढत दवाखान्यात पोचले, तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली होती. तेव्हापासून सुजितनं एकच धसका घेतला होता, आईचं असं होऊ द्यायचं नाही. त्यात तिचे गुडघे गेलेले, आणि मागच्या अंगणातल्या जुन्या संडासात उकिडवं बसायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून आईच्या खोलीला लागून हे आसन बसवायचं त्यानं ठरवलं. सुजितनं ठरवलं की ठरलं.

सोलापुरात तोवर ही आसनं काही नवलाईची राहिली नव्हती. नव्या इमारतींत बिल्डर लोक टाइल्सबरोबरच लावून द्यायचे. कोमट पाण्याचा जेट, मागून गरम हवेचा झोत, कागद नको की टॉवेल नको. सुजित स्वतः टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघायचा. "टॉवेल विकून घर चालवायचं, अन् घरात वाऱ्यावर सुकायचं," असं रेवती म्हणायची. पण जेट आणि झोत ही वरवरची चैन. सुजितला हवं होतं ते आतलं.

आतली गोष्ट अशी. आपल्या आतड्याचं अस्तर सारखं झिजतं आणि पुन्हा तयार होतं. झिजलेल्या पेशी रोज सकाळी शरीराबाहेर पडतात आणि आपण त्या पाण्यात सोडून मोकळे होतो. त्या पेशींत डीएनएचे तुकडे असतात. पेशी वाटेला लागायच्या ऐवजी आडवाटेला लागल्या, की त्या तुकड्यांवरच्या खुणा बदलतात, आणि त्या माणसाला काही जाणवायच्या कितीतरी आधी बदलतात. आसनाच्या भांड्यात आतल्या कडेला एक खाच होती, खाचेत बोटाच्या पेराएवढी चकती. चकतीवर लावलेली प्रथिनं फक्त असले बिघडलेले तुकडे आणि रक्ताचे कण तेवढे धरून ठेवायची. मग प्रकाशाचा एक किरण तिच्यावरून फिरायचा आणि काय अडकलं, किती अडकलं, ते मोजायचा.

तरी एका दिवसाच्या मोजणीवरून काहीच कळत नाही. आदल्या दिवशी कुणी झणझणीत शेंगाचटणी खाल्लेली असते, कुणाची मूळव्याध उठलेली असते. म्हणून आसन आधी घरातल्या प्रत्येकाचं 'नेहमीचं' शिकायचं आणि त्याच्या वयाला काय शोभतं ते धरून फरक बघायचं. त्यासाठी बसलंय कोण हे त्याला ओळखावं लागे. वजन, मांड्यांची ठेवण आणि नाडी, या तिन्हीवरून ते माणूस ओळखायचं. नाव तेवढं आपण सांगायचं.

बसवायला समीर मुजावर आला. त्यानं नळ सोडून बादलीत पाणी घेतलं, बोटांवर चोळून पाहिलं. "इथलं बोअरचं पाणी म्हणजे पातळ केलेला दगड," तो म्हणाला. "फिल्टर महिन्याच्या महिन्याला धुवा. नाहीतर जेटची नळी क्षारानं बुजेल, अन् मग माझ्या नावानं खडे फोडाल." फिल्टर कसा काढायचा ते त्यानं सुजितला दाखवलं. शिकली ती रेवती, दारात उभं राहून.

मग नावं. मालनबाईंना लुगड्यासकट नुसतं टेकायला लावलं. आतून एका बाईचा गोड आवाज आला, "नाव सांगा."

"आई," सुजित बाहेरून म्हणाला.

"नमस्कार, आई. आपलं वय?"

"त्र्याहत्तर," पुन्हा सुजितच म्हणाला. मालनबाई तोवर उठून बाहेरही आल्या होत्या. "आत बाई बोलायली आहे," त्या रेवतीच्या कानाशी म्हणाल्या. "परक्या बाईपुढं मी कशी बसू गं?" रेवतीनं ती खरी बाई नाही, मशीनमध्ये भरलेला आवाज आहे, असं समजावलं. मालनबाईंनी मान डोलावली. पटल्यासारखी.

सुजित टेकला, 'बाबा' म्हणून नोंदला गेला. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, ट्रक अडकलाय म्हणून, आणि तो गेला. उरलेलं काम त्याची मुलगी जुई हिच्या हाती आलं. नववीतली पोर, बापाच्या फोनपेक्षा तिचाच फोन आसनाशी आधी जोडला गेला होता. तिनं स्वतःचं नाव घातलं आणि हाक मारली, "आई, ये की. तूच राहिलीस."

गल्लीतल्या बाकी पोरी मम्मी म्हणायच्या. सुजितनं मात्र जुईला पहिल्यापासून आई म्हणायला लावलं होतं. आपल्या भाषेत शब्द असताना उसना कशाला, असं त्याचं म्हणणं.

रेवती भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आली आणि टेकली. "नाव सांगा," आवाज म्हणाला.

"आई," जुई बाहेरून म्हणाली.

आसन क्षणभर गप्प राहिलं. "नमस्कार, आई. नोंद अद्ययावत करू का?"

"हो," जुईनं फोनवर बोट टेकवलं. मुजावर पाने-पकडी पिशवीत भरत होता. "नवं मशीन असंच सारखं विचारत राहतं, ताई," तो म्हणाला, चहा प्याला आणि गेला.

आसन घरात रुळलं. रुळलं म्हणजे रेवतीच्या कामांत आणखी एकाची भर पडली. फिल्टर धुणं, जेटची नळी व्हिनेगरात बुडवून टूथब्रशनं घासणं, चकत्यांची डबी भरणं. शाळेत चित्रकलेचे तास घेऊन यायची आणि गुडघ्यावर बसून नळी घासायची. वैताग यायचा. पण एक गोष्ट तिला मनातून आवडायची. सकाळी ती आत गेली की आवाज म्हणायचा, "नमस्कार, आई." काहीतरी मागायच्या आधी तिला नमस्कार करणारं घरात तेवढं एकच होतं.

त्या वर्षी ती दमायला लागली. शाळेचा जिना चढताना मध्येच थांबून वह्या छातीशी धरायची, जणू काही आठवतंय. बेचाळिशी लागली, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. तांदूळ निवडताना चिमूट चिमूट तोंडात टाकायची सवय लागली होती. मालनबाईंनी पाहिलं.

"कच्चे तांदूळ खाऊ नकोस, पोरी. पांढरीफटक पडशील."

"पडले तर पडले. पावडरचा खर्च वाचेल," रेवती म्हणाली आणि आणखी चिमूटभर टाकले.

आणि मग एका सकाळी सुजितचा फोन वाजला. तो पोळीचा घास हातात धरून नुसता बघत राहिला. नंतर उठला, रेवतीला मागच्या अंगणात घेऊन गेला आणि फोन तिच्यापुढे धरला. 'आई यांच्या तपासणीत रक्ताचा अंश आणि पेशींतील बदलाच्या खुणा सातत्याने वाढत आहेत. तज्ज्ञांना भेटावे.'

"बाबांचंच दुखणं आहे हे," सुजित म्हणाला. "तिला काही सांगू नकोस."

रेवतीनं त्याचा हात धरला. त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सासूचं ताट वाढताना ती घास मोजल्यासारखी बघायची. रात्री दोनदा उठून त्यांच्या खोलीत डोकवायची. शाळेत फळ्यावर आंब्याचं झाड काढताना एकदा फांद्या काढल्या आणि खोडच काढायचं विसरली, पोरं हसली. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती दवाखाना, औषधाचं दुकान, घर अशी फिरत राहिली, आणि दम लागला की म्हणायची, काळजीनं होतंय.

मालनबाईंना शेवटी सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. "कुठं जायचं ते सांग."

डॉक्टरांनी कॅमेऱ्याची गोळी दिली. गिळायची, ती आतड्यातून फिरते आणि चित्रं पाठवते. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध. त्या दिवशी मालनबाई लुगडं सावरत, भिंतीला धरत, सारख्या मागच्या जुन्या संडासाकडेच जाताना रेवतीला दिसल्या.

"आई, आतलं सोडून इकडं कशाला? गुडघे धरतील की."

"अगं, असल्या दिवशी त्या महागाच्या वस्तूचं कशाला नुकसान करायचं," मालनबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. रेवतीला ते पटलं. मालनबाई जुन्या चादरीचीसुद्धा काळजी करणाऱ्या बाई होत्या.

निकाल स्वच्छ आला. डॉक्टर हसून म्हणाले, "आजींचं आतडं माझ्यापेक्षा चांगलं आहे." घरी येताना सुजितनं पेढे घेतले आणि रिक्षातच रडला. रेवतीही रडली. मालनबाई दोघांच्या मध्ये बसून पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत होत्या.

आनंद फार टिकला नाही. आठवडा होतो न होतो तोच फोन पुन्हा वाजला. 'आई यांच्या तपासणीतील खुणा वाढल्या आहेत. विलंब करू नये.' सुजितनं दात खाल्ले. "डबडं आहे नुसतं," तो म्हणाला आणि त्यानं सूचना बंद करून टाकल्या. आपण इतके दिवस नुसते होरपळलो, या विचारानं त्याचा संताप संताप झाला होता. मुजावरला बोलावून त्यानं चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं.

मुजावर रविवारी आला. झाकण काढलं, खाच पुसली, चकत्या बदलून बघितल्या, स्वतःच्या बरोबर आणलेल्या द्रावणानं मोजणी करून बघितली. बाहेरच्या खोलीत मालनबाई परातीत शेंगा फोडत बसल्या होत्या. जुई त्यांच्या शेजारी लोळून फोन बघत होती. रेवती चहा टाकायला आत गेली होती.

"साहेब, मशीनला काही झालेलं नाही," मुजावर हात पुसत बाहेर आला. "उलट तुमच्याकडं देखभाल एकदम चोख आहे. जेटला एक कण क्षार नाही. मोजणी बरोबर येतीय."

"मग आईचा रिपोर्ट खोटा कसा आला?"

"ते मी कसं सांगू? आईंचीच तर माहिती सगळ्यात भरपूर आहे. बाबांचा एखादा दिवस चुकतो, ह्या ताईंचा चुकतो. आईंचा नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी आईच बसतात."

मालनबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोण बसतं रोज?"

"तुम्हीच की, आजी."

मालनबाईंनी परात बाजूला सारली. लेकाकडे बघवेना, म्हणून त्या परातीकडे बघत बोलल्या. "मी बसतच नाही त्याच्यावर. पहिल्या दिवशी तुम्ही बसवलंत तेवढंच. ती आतली बाई नमस्कार करती अन् मला काही होत नाही तिच्यापुढं. मी मागंच जाते, पहाटे, तुम्ही उठायच्या आधी."

"आई, अगं, तुझे गुडघे..." सुजित म्हणाला. "मग तपासणीला कशाला आलीस?"

"तुझं तोंड बघवत नव्हतं. एक गोळी गिळली की पोराचा जीव शांत होईल, म्हटलं. मला वाटलं मशीन खोटं बोलतंय. मीही खोटंच बोलत होते. फिट्टंफाट झाली." आणि मग त्यांनी मान वर केली. "पण सुजित, मी जर बसत नाही, तर रोज बसती ती आई कोण?"

दारात रेवती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण रोज सकाळी नमस्कार तिला होत होता. शाळेचा जिना आठवला, छातीशी धरलेल्या वह्या आठवल्या, दाताखाली कुरकुरणारे तांदूळ आठवले.

"चहा गार होतोय," ती म्हणाली.

ट्रे तिनं नीट खाली ठेवला. एक कपही हिंदकळला नाही. मग ती तिथंच जमिनीवर बसली.

जुईनं ओठ दाताखाली धरले होते. "मीच सांगितलं होतं आई म्हणून," ती म्हणाली. "त्यानं विचारलं, अद्ययावत करू का, अन् मी हो म्हटलं. बाबा, ही आईच आहे ना? मी दुसरं काय सांगणार होते?"

कुणी तिला रागावलं नाही. रागावणार काय, कपाळ? आसनाच्या लेखी एका नावाचं एकच माणूस. दुसऱ्यांदा 'आई' ऐकल्यावर त्यानं जुन्या आईची ठेवण पुसली आणि नवीची घेतली. वय मात्र राहिलं तेच, त्र्याहत्तर.

"मम्मी म्हणू दिलं असतंस पोरीला," मालनबाई लेकाला म्हणाल्या, "तर बरं झालं असतं."

पुढचे दिवस कसे गेले ते घोडक्यांच्या घरात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. या वेळी गोळी रेवतीनं गिळली. या वेळी डॉक्टर हसले नाहीत. गाठ होती. त्यांनी चित्र दाखवलं आणि रेवतीनं चित्रकलेच्या बाईसारखं त्याकडे बघितलं, रंग कुठं दाट आहे आणि कडा कुठं विरते ते. ऑपरेशन करायचं, लवकरात लवकर. "उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलंय असं नाही म्हणणार मी," डॉक्टर म्हणाले. "तुमचं खरं वय माहीत असतं तर यंत्र कितीतरी आधी ओरडलं असतं. त्र्याहत्तरीला थोडं रक्त जातं, खुणाही थोड्या बदलतात, असं धरून ते थांबून राहिलं. दम लागणं, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, हे सगळं रक्त कमी झाल्यामुळंच."

रेवतीला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. जुईवर? ती पोर आईला आई म्हणाली. सासूवर? लाज वाटली त्यांना. आयुष्यभर लाजायलाच शिकवलं होतं, ते एका दिवसात कसं सुटणार. ती घरभर येरझारा घालायची, कपाट उघडायची, घड्या मोडून पुन्हा घालायची. मालनबाई तिच्या मागे मागे फिरायच्या. "माझ्या लाजेनं तुझे महिने खाल्ले गं," असं म्हणून एकदा त्यांनी तिचे पायच धरले, तेव्हा रेवतीनं त्यांना ओरडून उठवलं. सासूवर ती पहिल्यांदाच ओरडली होती. दोघींनाही त्यानं जरा बरं वाटलं.

सुजितशी मात्र ती बोलत नव्हती. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी तो तिच्यासमोर येऊन बसला.

"मी रोज बघायचो फोनवर," तो म्हणाला. "आई, बाबा, जुई. तिन्ही हिरवे दिसले की मला वाटायचं, झालं, घर सगळं ठीक आहे." तो थांबला. "त्यात कुणी कमी आहे असं मला एक दिवससुद्धा वाटलं नाही."

हेच तिला ऐकायचं होतं आणि हेच ऐकायचं नव्हतं. "जुईलाही वाटलं नाही," ती म्हणाली. "तिची आई त्यात होती. तुमचीही होती."

"तू नव्हतीस."

"नव्हते. अन् खरं सांगू, मलाही वाटलं नाही हो. नमस्कार आई म्हटलं की मला बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं, की माझं नाव काय हे विचारायचं मीही विसरले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "मला मरायचं नाहीये. एवढं मात्र मला नक्की कळलंय."

ती उठली आणि न्हाणीघरात गेली.

संध्याकाळच्या उन्हाची एक तिरीप खिडकीतून फरशीवर पडली होती. फिल्टर दोन दिवस धुतला नव्हता, आणि जेटच्या कडेला क्षाराची पांढरी रेघ धरायला लागली होती. ती बसली.

"नमस्कार, आई."

"आई नाही," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला भिंतीवर आपटून परत आल्यासारखा ऐकू आला. "रेवती."

आसन गप्प राहिलं. मग म्हणालं, "रेवती या नावाची नोंद या घरात नाही. नवीन नोंद करू का?"

दारावर टकटक झाली. "अगं," सुजित म्हणाला. आणि मग, आई बाहेरच्या खोलीत असताना, पोरगी ऐकत असताना, सोळा वर्षांच्या संसारात जी हाक त्यानं चारचौघांत कधी मारली नव्हती ती त्यानं मारली. "रेवती? बरी आहेस ना?"

"थांबा जरा," ती आतून म्हणाली. "माझी नोंद चाललीय."

आणि आसनाकडे वळून, वर्गातल्या मठ्ठ पोराला सांगावं तशी सावकाश म्हणाली, "हो, कर. अन् वय नीट लिहून घे. माझं. बेचाळीस."